एका पात्याची दोन घराणी

इंग्रजी-मराठी शब्दकोशात 'स्पेड' शोधला, की कुदळ, फावडे, खोरे असे शब्द ओळीने समोर येतात. पण आपल्याकडे शेतात राबलेल्या माणसाच्या हातात खरा स्पेड दिला, तर तो यांपैकी एकाही नावाने त्याला हाक मारणार नाही. फावड्याचे पाते दांड्याशी कोन करून बसवलेले असते. ते खांद्यापर्यंत उचलायचे, जमिनीत हाणायचे आणि माती स्वतःकडे ओढून घ्यायची. स्पेडचे पाते दांड्याच्या सरळ रेषेत असते. तो हाणत नाहीत. तो उभा धरायचा, पात्याच्या वरच्या कडेवर बुटाचा तळवा ठेवायचा, अंगाचा भार टाकून पाते जमिनीत उतरवायचे आणि मग दांडा मागे रेटून ढेकूळ वर काढायचे. फावडे कंबर आणि खांदे मागते. स्पेड पाय मागतो, आणि तोही बुटातला. अनवाणी पायाने त्या कडेवर दिवसभर जोर देणे कोणालाही परवडणारे नाही.

हा फरक भाषेतही उतरला आहे. मराठी माणूस 'खोऱ्याने पैसा ओढतो', कारण खोरे हे ओढण्याचेच अवजार. भारतात आलेल्या इंग्रजांनाही आपल्या मजुरांच्या हातातली वस्तू ही स्पेड नव्हे, हे लवकरच उमगले असावे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात 'फावडा' हा शब्द 'फावरा' या रूपात स्वतंत्रपणे नोंदलेला आहे आणि दक्षिणेतल्या तशाच अवजारासाठी 'ममूटी' दिला आहे. अवजार वेगळे म्हणून नावही वेगळे घ्यावे लागले.

या प्रकरणात त्या सरळ पात्याच्या अवजाराची आणि त्याच्या गणगोताची हकीकत सांगायची आहे. इंग्रजी शब्दांच्या गोष्टी सांगताना बहुतेक लेखक राजदरबार, चर्च आणि शेक्सपिअर यांच्या वाटेने जातात. मला खणणाऱ्यांची वाट जास्त मोलाची वाटते. राज्ये बदलली, दरबारी भाषा बदलल्या, पण मातीत हात घालणाऱ्यांचे शब्द हजार-हजार वर्षे टिकून राहिले. त्यांच्या मालकांची नावे पुसली गेली, तरी त्यांच्या अवजारांची नावे जिवंत आहेत.

'स्पेड' हा त्यांतला फार जुना शब्द. जुन्या इंग्रजीत तो 'स्पाडु' असा होता. डच भाषेत 'स्पाडे' आणि जर्मनमध्ये 'श्पाटेन' हे त्याचे सख्खे भाऊ. ग्रीकमधला 'स्पाथे' हा त्याचा चुलतभाऊ. त्याचा अर्थ लाकडाचे रुंद चपटे पाते. या सगळ्यांच्या मुळाशी 'लाकडाचा लांब, चपटा तुकडा' हा अर्थ असलेला एक प्राचीन धातू अभ्यासक मानतात. आज स्पेड म्हटले की पोलाद डोळ्यांपुढे येते, पण शब्दातले लाकूड खरेच होते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये स्पेडचे पातेसुद्धा लाकडी असे आणि त्याच्या धारेपुरती लोखंडाची पट्टी ठोकलेली असे. लोखंड महाग होते, लाकूड गावात मिळत होते.

याच मुळाची दुसरी फांदी आपल्या जेवणाच्या टेबलावर आहे. 'स्पून' म्हणजे चमचा, पण जुन्या इंग्रजीत 'स्पोन' म्हणजे लाकडाची ढलपी. सुताराने तासताना उडालेली चपटी चिप्पी. उत्तरेकडच्या नॉर्स भाषेत त्या ढलपीचा चमचा झाला आणि तो अर्थ पुढे इंग्रजीनेही घेतला. 'स्पिक अँड स्पॅन' हा शब्दप्रयोग आपण हल्ली स्वच्छ, चकाचक घरासाठी वापरतो. त्यातला 'स्पॅन' हीच ढलपी. नॉर्समध्ये 'स्पानन्यूर' म्हणजे नुकत्याच निघालेल्या ढलपीइतके नवे. 'स्पिक' म्हणजे खिळा. तेव्हा मूळ अर्थ स्वच्छतेचा नव्हता, नव्या कोऱ्या वस्तूचा होता: ताजी ढलपी, ताजा खिळा, सुताराच्या हातून आत्ताच उतरलेले काम.

इथपर्यंतची गोष्ट उत्तरेकडची, जंगलातल्या आणि शेतातल्या माणसांची. दक्षिणेत, ग्रीस आणि रोममध्ये, त्याच चपट्या पात्याचे नशीब वेगळे निघाले. ग्रीक 'स्पाथे' हा विणकराच्या मागावर होता. बाण्याचे धागे ठोकून घट्ट बसवण्याची लाकडी पट्टी म्हणजे स्पाथे. वल्ह्याचे पाते म्हणजेही स्पाथे. मग रुंद पात्याच्या तलवारीलाही तोच शब्द लागला. लॅटिनने तो 'स्पाथा' म्हणून घेतला आणि रोमन घोडदळाच्या लांब तलवारीचे ते नाव झाले. पुढे त्यातूनच इटालियन 'स्पादा', स्पॅनिश आणि पोर्तुगीज 'एस्पादा', फ्रेंच 'एपे' हे तलवारीचे शब्द निघाले. ऑलिम्पिकमधल्या तलवारबाजीत 'एपे' नावाचा प्रकार असतो, तो हाच. एकाच लाकडी पात्याची अशी दोन घराणी झाली: एक खणणाऱ्यांचे, एक लढणाऱ्यांचे.

लढणाऱ्यांच्या घराण्यातली लहान मुलेही इंग्रजीत आली. स्पाथाचे लघुरूप 'स्पॅट्युला', म्हणजे छोटे पाते. डॉक्टरांची जीभ दाबायची पट्टी आणि केकवर क्रीम पसरायचे उलथणे दोन्ही स्पॅट्युला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये खांद्यामागच्या चपट्या हाडाला, आपण ज्याला फरा म्हणतो त्याला, हेच नाव पडले. त्याचे फ्रेंचमध्ये 'एपोल' म्हणजे खांदा झाले आणि त्या खांद्यावर मिरवायची सोनेरी झालर ती 'एपॉलेट'. कुत्र्या-मांजरींच्या मादीची नसबंदी करणे या अर्थाचा 'स्पे' हा शब्दही इथलाच. जुन्या फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ होता तलवारीने कापणे.

वनस्पतिशास्त्रात हे पाते आणखी एका ठिकाणी भेटते. पहिल्या पावसाबरोबर ठाणे-रायगडच्या बाजारात शेवळं येतात. ती काकडांबरोबर शिजवावी लागतात, नाहीतर घसा खाजतो. त्या शेवळाच्या दांड्याभोवती गुंडाळलेले जे पानासारखे आवरण असते, त्याला शास्त्रीय इंग्रजीत 'स्पेथ' म्हणतात. अळू, सुरण यांच्या फुलोऱ्यालाही ते असते. हा ग्रीक 'स्पाथे'चाच वंशज. मधल्या दांड्याला मात्र 'स्पॅडिक्स' म्हणतात, आणि ऐकायला तो स्पेडचा सख्खा वाटला तरी त्याचे कुळ निराळे आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ताडाची तोडलेली फांदी असा होता. एकाच फुलोऱ्यात शेजारी-शेजारी राहणारे हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

पक्ष्यांचीही गोष्ट इथेच सांगून टाकतो. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर गेलात, तर थापट्या नावाचे बदक हमखास दिसते. त्याची चोच टोकाशी चपटी आणि रुंद असते, कडांना बारीक कंगव्यासारखे दाते असतात. पाण्याच्या पृष्ठभागावर चोच टेकवून ते पुढे-पुढे सरकते, पाणी गाळून टाकते आणि त्यातले बारीकसारीक जीव खाते. इंग्रजीत त्याला 'शव्हलर' म्हणतात, आणि शास्त्रीय नावातला पहिला शब्द आहे 'स्पॅट्युला'. त्याच पाण्यात लांब पायांचा पांढरा चमचा पक्षी अर्धवट उघडी चोच डावीकडून उजवीकडे फिरवत चिखल घुसळत असतो, तो 'स्पूनबिल'. जुन्या इंग्रजीभाषकांच्या लेखी शव्हलर हे नाव आधी या चमच्याचेच होते, नंतर ते बदकाकडे गेले. स्पून आणि स्पॅट्युला हे एकाच मुळाचे दोन शब्द भिगवणच्या एकाच उथळ पाण्यात चरताना बघायला मिळतात.

'शव्हल' मात्र स्पेडच्या कुळातला नाही. तो ढकलणे या अर्थाच्या 'शव्ह'पासून आला. स्पेड खणतो आणि शव्हल सुटी माती, कोळसा, धान्य उचलून टाकतो, असा त्यांच्यातला कामाचा वाटा आहे, आणि नावांनीही तो नेमका सांभाळला आहे. पत्ते पिसण्याचा 'शफल' हाही बहुधा याच 'शव्ह'च्या घरचा.

पत्त्यांचा विषय निघाला तर तिथेच जाऊ. पत्त्यांतला इस्पिक म्हणजे इंग्रजी स्पेड. त्या काळ्या चिन्हाकडे बघून बहुतेकांना वाटते, की ते खणायच्या स्पेडचे चित्र असावे. आकारही तसा भासतो. पण या स्पेडचा खणायच्या स्पेडशी थेट संबंध नाही. इटली आणि स्पेनच्या जुन्या पत्त्यांत चार चिन्हे होती: तलवारी, सोटे, पेले आणि नाणी. १४८० च्या सुमारास फ्रेंचांनी छापायला सोपी अशी नवी चिन्हे काढली. त्यांतले आपले इस्पिक फ्रेंचांच्या लेखी 'पीक', म्हणजे भाला, आणि किल्वर म्हणजे 'त्रेफ्ल', तीन पानांचे गवत. इंग्रजांनी चिन्हे फ्रेंचांची घेतली, पण नावे आधी कानावर पडलेली जुनीच ठेवली. इटालियन 'स्पादे', म्हणजे तलवारी, यांचे 'स्पेड्स' झाले आणि सोट्यांचे 'क्लब्ज'. म्हणूनच इंग्रजी क्लबच्या पत्त्यावर सोटा दिसत नाही, गवताची तीन पाने दिसतात. पोर्तुगीजांनीही नेमके हेच केले. आजही पोर्तुगीज भाषेत इस्पिकला 'एस्पादाश' म्हणजे तलवारी आणि किल्वरला 'पाउश' म्हणजे काठ्या असेच म्हणतात, पत्त्यावर चित्र काहीही असो.

म्हणजे झाले असे, की लाकडी पात्याची जी दोन घराणी हजारो वर्षांपूर्वी वेगळी झाली होती, ती इंग्रजीत पुन्हा एका छताखाली आली. खणणारा स्पेड उत्तरेकडून, जर्मानिक शेतकऱ्यांबरोबर आला. पत्त्यातला स्पेड दक्षिणेकडून, तलवारीच्या म्यानातून आला. एकसारखे लिहिले जाणारे दोन शब्द, दोन वाटांनी आलेले आणि मुळात एकच. व्युत्पत्तिशास्त्रात अशी भेट क्वचित घडते, आणि मला तरी या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

इस्पिकचा एक्का इतर एक्क्यांपेक्षा नटवा का असतो, याचे कारण मात्र सुंदर नाही. इंग्लंडमध्ये १७११ पासून पत्त्यांच्या जोडावर कर होता. कर भरल्याची खूण इस्पिकच्या एक्क्यावर उमटवली जाई. १७६५ पासून तर तो एक्का सरकारी मुद्रांक खातेच छापू लागले. पत्ते बनवणाऱ्याने बाकीची पाने स्वतः छापायची आणि एक्का पैसे भरून सरकारकडून आणायचा. नक्कल अवघड व्हावी म्हणून त्यावर वेलबुट्टी आणि नक्षी भरगच्च. १८२८ मध्ये निघालेल्या एक्क्यावर इतकी कुरळी नक्षी होती, की त्याला 'ओल्ड फ्रिझल' असे नाव पडले. हा एक्का खोटा छापणे म्हणजे सरकारी शिक्क्याची बनावट, आणि तिला शिक्षा होती मृत्यूची. रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला १८०५ मध्ये याच गुन्ह्यासाठी फासावर चढवले गेले. पत्त्याच्या एका पानासाठी माणूस मारणारा तो कायदा होता, आणि आपण एक्क्यावरची ती नक्षी आज केवळ शोभा म्हणून बघतो. पत्त्यांवरचा कर १९६० मध्ये संपला; नक्षी राहिली.

ब्रिजच्या खेळात इस्पिक सर्वांत वरचा. त्यातून १९२० च्या दशकात अमेरिकेत 'इन स्पेड्स' हा वाक्प्रचार निघाला. एखादी गोष्ट भरपूर, ओसंडून असणे, असा त्याचा अर्थ. पुष्कळ वाचक त्याचा अर्थ 'फावडी भरभरून' असा लावतात आणि तो अर्थ बसतोही, पण तो पत्त्यांच्या टेबलावरचा आहे, शेतातला नव्हे. याच काळ्या चिन्हावरून, त्याच दशकात, अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसांसाठी 'स्पेड' ही शिवी रूढ झाली. म्हणून तिकडे काही जण 'कॉल अ स्पेड अ स्पेड' ही म्हणसुद्धा टाळतात. म्हण त्या शिवीपेक्षा जवळजवळ चारशे वर्षांनी जुनी आहे आणि तिचा वर्णाशी काही संबंध नाही. तरी ज्याला ती शिवी ऐकावी लागली, त्याच्यासमोर बोलताना जपणे मला योग्यच वाटते.

त्या म्हणीचा उगम थेट मॅसिडोनियाच्या दरबारात सापडतो. सिकंदराचा बाप फिलिप याने इ. स. पू. ३४८ मध्ये ऑलिंथस हे शहर घेतले, तेव्हा लास्थेनिस आणि त्याचे साथीदार आतून फितूर झाले होते. ही मंडळी पुढे फिलिपकडे तक्रार घेऊन गेली, की तुमची माणसे आम्हाला तोंडावर गद्दार म्हणतात. प्लुटार्कने फिलिपचे उत्तर नोंदवले आहे. त्याचा आशय असा, की आमचे मॅसिडोनियन लोक अडाणी, गावंढळ. ते भांड्याला भांडेच म्हणतात. फितुरांकडून काम करून घेतलेल्या राजाने त्यांना दिलेले हे उत्तर कितीदा वाचले तरी अंगावर येते. मूळ ग्रीक शब्द आहे 'स्काफे'. त्याचा अर्थ कोरून केलेले भांडे, डोणी, टब. मराठीत आपण कोणी काही दडवत असला, तर 'ताकाला जाऊन भांडे लपवतो' म्हणतो. मॅसिडोनियन लोक भांडे लपवणाऱ्यांतले नव्हते.

मग भांड्याचा स्पेड कसा झाला? सोळाव्या शतकात रॉटरडॅमच्या इरॅस्मसने ग्रीक सुभाषिते लॅटिनमध्ये आणली. 'स्काफे'च्या जागी त्याने 'लिगो', म्हणजे खणायचे अवजार, हा शब्द घातला. ग्रीकमध्ये खणण्याच्या अवजाराला 'स्काफेयोन' म्हणतात आणि दोन्ही शब्द कोरणे-खणणे या एकाच मुळातले, म्हणून गल्लत झाली असावी असे मानले जाते. निकोलस उडॉल याने १५४२ मध्ये इरॅस्मसचे इंग्रजी भाषांतर केले आणि 'लिगो'चा 'स्पेड' झाला. तेव्हापासून इंग्रजी बोलणारी सगळी स्पष्टवक्ती माणसे टबाऐवजी स्पेडची साक्ष काढत आली. ऑस्कर वाइल्डने १८९५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट'मध्ये या म्हणीवरून एक प्रसंग रंगवला आहे. त्यातली शहरी तरुणी, मी स्पेड कधी पाहिलेलाच नाही, असे अभिमानाने सांगते. ग्रीक स्काफे मात्र अजून आपल्या मनगटात आहे. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या होडीच्या आकाराच्या हाडाला डॉक्टर 'स्कॅफॉइड' म्हणतात. हात टेकून पडल्यावर मनगटातले जे हाड सर्वांत जास्त वेळा मोडते, ते हेच.

आता आयर्लंडला जाऊ. स्पेड हे जिथे खरोखर एका समाजाचे पोट भरणारे अवजार होते, अशी ही भूमी. दगडाळ उतार, ओली माती, हातभर जमीन. नांगर आणि घोडा परवडत नाही. तिथल्या पारंपरिक स्पेडला 'लॉय' म्हणतात. लांब जड दांडा, अरुंद पाते, आणि पाय ठेवायला एकाच बाजूला जागा. जे. एम. सिंग यांच्या 'द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड' या नाटकाचा नायक आपण बापाच्या डोक्यात घाव घातला असे सांगतो, तो या लॉयनेच. १९०७ मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात या नाटकावरून दंगा झाला होता. उत्तरेत दोन्ही बाजूंना पाय ठेवता येईल असे स्पेडही वापरात होते. कोण कोणत्या पायाने खणतो, हे त्यामुळे गावागणिक आणि समाजागणिक वेगळे. त्यातून अल्स्टरमध्ये एक वाक्प्रचार पडला: 'तो दुसऱ्या पायाने खणतो'. म्हणजे तो आपल्या पंथाचा नाही. प्रॉटेस्टंट कॅथलिकाबद्दल तसे म्हणे, कॅथलिक प्रॉटेस्टंटाबद्दल. माणसाचा धर्म विचारायचा तर तो कोणत्या पायाने खणतो, असे विचारायचे.

अँट्रिम काउंटीतल्या टेम्पलपॅट्रिक गावाजवळ 'पॅटरसन्स स्पेड मिल' हा १९१९ मध्ये सुरू झालेला कारखाना आहे. आता तो नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथे पाण्याच्या जोरावर चालणारा अजस्र हातोडा अजून तापलेल्या पोलादावर पडतो. लालबुंद तुकडा चिमट्याने धरून कारागीर तो हातोड्याखाली सरकवत, फिरवत राहतो आणि घावागणिक पोलाद पसरत जाऊन त्याचे पाते होते. मग त्यात ॲश लाकडाचा दांडा बसतो. पूर्वी अशा कारखान्यांना प्रत्येक भागासाठी वेगळ्या मापाचा स्पेड करावा लागे. पाते किती लांब, किती अरुंद, दांड्याशी कोन किती, हे तिथल्या मातीवर ठरे. आपल्याकडे विळ्या-कोयत्यांचा आकार तालुक्यागणिक बदलतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही.

या स्पेडने निघे तो बटाटा. बटाट्याला बोली इंग्रजीत 'स्पड' म्हणतात, आणि या शब्दाची एक खोटी व्युत्पत्ती फार पसरलेली आहे. अपायकारक आहाराला विरोध करणारी कुठलीशी संस्था होती, तिच्या नावाच्या आद्याक्षरांतून स्पड झाला, अशी ती कथा. ती साफ काल्पनिक आहे. पंधराव्या शतकात स्पड म्हणजे आखूड सुरी. सतराव्या शतकात तण उपटायचे अरुंद पात्याचे छोटे अवजार म्हणजे स्पड. मग अवजाराचे नाव त्याने खणून काढलेल्या वस्तूला चिकटले. बटाटा या अर्थाने तो लेखी सापडतो १८४५ मध्ये, न्यूझीलंडविषयीच्या लेखनात. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा आला आणि तिथे महादुष्काळाला सुरुवात झाली. 'स्पड'चा जुना अर्थ अजून एका जागी टिकून आहे: डोळ्याच्या बुबुळात रुतलेला कण काढण्याचे नाजूक उपकरण नेत्रतज्ज्ञ 'स्पड' या नावानेच मागतात.

खणण्याच्या क्रियेचे शब्दही अवजारांइतकेच जुने आहेत. आज खणण्यासाठी सर्रास वापरला जाणारा 'डिग' तुलनेने नवखा. त्याआधी शेकडो वर्षे 'डेल्व्ह' चालत होता. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहराचे नाव त्याच शब्दावरून पडले. ते वसले खणलेल्या कालव्याच्या काठी. १३८१ च्या शेतकरी उठावात जॉन बॉल या धर्मोपदेशकाने, आदम खणत होता आणि इव्ह सूत कातत होती तेव्हा उमराव कोण होते, असा प्रश्न जमावासमोर टाकला, तोही 'डेल्व्ह' वापरूनच. १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या सोबत्यांनी सरे परगण्यातल्या सेंट जॉर्जेस हिलवरची पडीक सामायिक जमीन खणून तिथे गाजरे, पार्सनिप आणि घेवडा लावला. जमीन सर्वांची आहे, असे त्यांचे म्हणणे. लोक त्यांना 'डिगर्स' म्हणू लागले. जमीनदारांनी माणसे घालून त्यांना पुढच्या वर्षी हाकलले, पण इंग्लंडच्या राजकीय इतिहासात 'खणणारे' हे एका पक्षाचे नाव होऊन राहिले.

जुन्या इंग्रजीत खणण्याचा आणखी एक शब्द 'ग्राफन'. त्याची 'ग्रेव्ह', म्हणजे थडग्याचा खड्डा, आणि 'एन्ग्रेव्ह', म्हणजे कोरणे, ही दोन्ही मुले. 'हार्ड ग्राफ्ट', म्हणजे ढोर मेहनत, हाही बहुधा इथलाच. स्पेडच्या एका घावात निघणाऱ्या मातीला बोलीत 'ग्राफ्ट' म्हणत. झाडाचे कलम करणे हा 'ग्राफ्ट' मात्र वेगळा. तो ग्रीकमधल्या लेखणीच्या शब्दावरून आला, कारण छाटलेली काडी टोकदार लेखणीसारखी दिसते. आपल्याकडे हापूसचे 'कलम' बांधतात तेव्हाही शब्द लेखणीचाच असतो, फक्त तो अरबी-फारसीतून आलेला. दोन टोकांच्या भाषांना छाटलेल्या फांदीत लेखणीच दिसली.

स्पेडच्या पात्याइतक्या खोलीला 'स्पिट' म्हणतात, साधारण पंचवीस सेंटिमीटर. थुंकण्याच्या स्पिटशी त्याचा संबंध नाही; जुन्या इंग्रजीतल्या 'स्पिटन', खणणे, यावरून तो आला. बागकामात 'दोन स्पिट खोल' वाफा खणतात, आणि पुरातत्त्वातही उत्खननाचा थर मोजायला हे माप वापरतात. 'डिच' म्हणजे चर आणि 'डाइक' म्हणजे बांध हे दोन शब्द तर जुन्या इंग्रजीत एकच होते. ज्याने डोंगरउतारावर समतल चर खणला आहे, त्याला याचे कारण सांगावे लागत नाही: चरातून निघालेली माती खालच्या अंगाला टाकली की तिचाच बांध होतो. खड्डा आणि उंचवटा एकाच घावात तयार होतात, म्हणून नावही एकच पुरले.

राहिले सैन्य. किल्ला घ्यायचा तर तोफांच्या माऱ्यातून भिंतीपर्यंत पोचायचे कसे? नागमोडी चर खणत. इटालियन 'झाप्पा', म्हणजे कुदळ, यावरून फ्रेंचमध्ये अशा खणण्याचे क्रियापद तयार झाले आणि ते करणारा तो 'सॅपर'. एखाद्याची ताकद 'सॅप' होते, म्हणजे झिजते, असे इंग्रजीत म्हणतात, तेव्हा झाडाच्या चिकाचा संबंध नसतो. भिंतीचा पाया खालून पोखरण्याचा असतो. मराठीत 'मोर्चेबांधणी' हा निवडणुकीतला शब्दही अशाच वेढ्यांतून आला. पुण्याजवळ खडकीला ज्यांचे केंद्र आहे, त्या बॉम्बे सॅपर्सच्या नावात ती झाप्पा आजही आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कालव्यांचे जाळे विणले जाऊ लागले. वर्स्लीचा कोळसा मँचेस्टरला नेणारा ब्रिजवॉटर कालवा १७६१ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर कालव्यांची लाट आली. अंतर्गत जलवाहतुकीचे हे मार्ग 'नॅव्हिगेशन' म्हटले जात, म्हणून ते खणणारे मजूर 'नॅव्हिगेटर'. जहाजाचा मार्ग आखणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव स्पेड आणि शव्हल घेतलेल्या मजुराला मिळाले खरे, पण फार दिवस टिकले नाही. त्याचे 'नॅव्ही' झाले. पुढे रेल्वेचे भराव आणि बोगदेही याच नॅव्हींनी केले. वाफेवर चालणारे खणायचे यंत्र आले तेव्हा त्यालाही इंग्लंडमध्ये 'स्टीम नॅव्ही' म्हटले गेले.

'पायोनिअर' या शब्दाने याच्या उलट प्रवास केला. आज तो एखाद्या क्षेत्रातल्या आद्य प्रवर्तकाला लावतात आणि तो मानाचा शब्द आहे. पण जुन्या फ्रेंचमध्ये 'पायोनिअर' म्हणजे सैन्याच्या पुढे कुऱ्हाड आणि स्पेड घेऊन चालणारा पायदळातला साधा शिपाई. झाडी तोडायची, रस्ता समतल करायचा, चर खणायचे, मग मागून सरदार घोड्यावर येणार. या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या 'पायी चालणारा' या अर्थाच्या शब्दात आहे, आणि त्याच मुळातून बुद्धिबळातला 'पॉन' आणि कचेरीतला 'प्यून' निघाले. बुद्धिबळातले आपले प्यादे फारसी 'पियादा'वरून आले. त्याचाही अर्थ पायी चालणारा, आणि लॅटिन व फारसी या दोन्ही शब्दांच्या मुळाशी असलेला धातू संस्कृतात 'पाद' आणि 'पदाति' यांत दिसतो. पायोनिअर, प्यून आणि प्यादे ही एकाच पायाची तीन नावे आहेत, आणि त्यांतल्या पायोनिअरच्या खांद्यावर तेवढा स्पेड होता.